दुसरा कॉम्प्रेसर का जातो

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात दूध संकलन केंद्राचा बल्क कूलर बंद पडला, की पहिला संशय विजेवर जातो. व्होल्टेज कमी आले असेल, एक फेज गेला असेल, डीपीवर काही झाले असेल. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलला मीटर लावतो, वाइंडिंग जळाल्याचे सांगतो आणि संशयावर शिक्का बसतो. नवा कॉम्प्रेसर येतो, गॅस भरला जातो, संध्याकाळचे दूध थंड होते. पण हा नवा कॉम्प्रेसर पुष्कळदा जुन्याइतकाही टिकत नाही, आणि मग दोष पुन्हा विजेला नाहीतर कंपनीच्या मालाला दिला जातो. माझे म्हणणे असे, की यातल्या बऱ्याच कॉम्प्रेसरांचा जीव विजेने घेतलेला नसतो. तो घेतलेला असतो द्रवरूप गॅसने आणि पाण्याच्या अंशाने, म्हणजे त्या पोलादी डब्यात ज्यांना मुळीच जागा नाही अशा दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट यंत्र चालवण्याच्या पद्धतीमुळे आत पोचते, दुसरी दुरुस्तीच्या पद्धतीमुळे. म्हणूनच पहिल्या कॉम्प्रेसरपेक्षा दुसरा कशाने गेला, ही चौकशी अधिक काही शिकवून जाते.

या पट्ट्यात हा प्रश्न किरकोळ नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतला श्रायबर डायनामिक्सचा प्रकल्प, इंदापूर तालुक्यातली सोनाई डेअरी, सहकारी दूध संघ आणि लहानमोठ्या खासगी डेअऱ्या यांच्यामुळे इथल्या कोरडवाहू गावांतसुद्धा घरटी दोन-चार गाई असणे ही हातात नियमित पैसा येण्याची वाट झाली आहे. धारेचे दूध गाईच्या अंगाच्या उष्णतेचे असते, साधारण ३८ अंश सेल्सिअस. त्या उबेत जिवाणूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकते. हे थांबवायचे तर दूध लवकरात लवकर ४ अंशांवर आणावे लागते, आणि म्हणून बल्क कूलरला अडीच ते साडेतीन तासांत ते काम करता आले पाहिजे असे धरले जाते. केंद्रावर हजार लिटरची टाकी भरलेली असताना कॉम्प्रेसर गेला आणि दुधाची आम्लता वाढून टँकर परत फिरला, तर लिटरला तीस रुपये धरले तरी एका वेळेचे तीस हजार रुपये बुडतात. ज्यांचे बुडतात त्यांनी तो कॉम्प्रेसर पाहिलेलासुद्धा नसतो.

कॉम्प्रेसरचे काम समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. दुधाच्या टाकीच्या तळाशी दुहेरी पत्र्याची प्लेट असते. तिच्यात द्रवरूप गॅस उकळतो आणि उकळताना दुधातली उष्णता ओढून घेतो. उकळून वाफ झालेला गॅस सक्शनच्या नळीतून कॉम्प्रेसरमध्ये येतो, तिथे दाबला जातो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये पंख्याच्या वाऱ्याने निवून पुन्हा द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने परत प्लेटकडे जातो. या सगळ्या फेऱ्यात कॉम्प्रेसरकडे फक्त वाफ यावी, अशी मूळ अट आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. आर-२२ या नेहमीच्या गॅसचा एक लिटर द्रव शून्य अंशाला वाफ झाला तर सुमारे साठ लिटर जागा व्यापतो. मोटर मिनिटाला जवळजवळ २९०० फेरे घेते, म्हणजे पिस्टन सेकंदाला ४८ वेळा वर येतो, आणि वर आल्यावर त्याच्या माथ्यावर केसाएवढीच फट उरते. त्या फटीत मावणार नाही इतका द्रव सिलिंडरमध्ये आला तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग पातळ पोलादी पट्टीचा व्हॉल्व्ह तुटतो, गॅस्केट फाटते, कनेक्टिंग रॉड मोडतो. मेकॅनिक म्हणतात, 'व्हॉल्व्ह गेला', आणि ते बरोबरच असते. व्हॉल्व्ह कशाने गेला, हे मात्र कोणी विचारत नाही.

असा एका घावात तुटणारा कॉम्प्रेसर निदान लगेच दिसतो तरी. त्याहून वाईट प्रकार हळू चालतो आणि तो बंद यंत्रात घडतो. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असते आणि त्या तेलाला गॅसची ओढ असते. यंत्र उभे असले की प्लेटमधला आणि नळ्यांतला गॅस हळूहळू वाफेच्या रूपाने येऊन तेलात विरघळत राहतो. कॉम्प्रेसर सावलीत, थंड कोपऱ्यात असेल तर आणखी वेगाने. बटण दाबताच आतला दाब एकदम उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे ते तेल फसफसून वर येते. फेसाबरोबर तेल डिस्चार्जच्या नळीतून निघून जाते आणि नेमक्या चालू होण्याच्या, सगळ्यांत जास्त भाराच्या क्षणी बेअरिंग कोरडे राहते. उरलेले तेलही गॅसने पातळ झालेले असते. एका वेळेला काही होत नाही. पण बल्क कूलर दिवसातून दोनदा चालतो, सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाला, आणि मधले तास उभा असतो. त्यात वीज गेली-आली की आणखी फेऱ्यांची भर. सतत चालणाऱ्या शीतगृहाच्या यंत्रापेक्षा गावातल्या या यंत्राला अशी 'पुरातली सुरुवात' कितीतरी अधिक वेळा सोसावी लागते.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही, ती म्हणजे टाकी धुणे. दूध टँकरमध्ये गेल्यावर टाकी गरम पाण्याने धुतली जाते आणि स्वच्छतेसाठी ते आवश्यकच आहे. पण त्या गरम पाण्याने तळाची प्लेटही तापते. तिच्यात शिल्लक राहिलेला द्रव गॅस उकळून निघतो आणि जिथे थंड जागा सापडेल तिथे, म्हणजे उभ्या असलेल्या कॉम्प्रेसरकडेही, जाऊन बसतो. काही तासांनी पुढचे दूध येते, बटण दाबले जाते. म्हणजे टाकी जितकी काळजीपूर्वक धुतली तितका कॉम्प्रेसर धोक्यात, असे विचित्र गणित होते. त्याचे उत्तर टाकी कमी धुणे हे अर्थातच नाही. प्लेटकडे जाणाऱ्या द्रवाच्या नळीवर विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवायचा आणि बंद करताना आधी तो व्हॉल्व्ह मिटून, प्लेट रिकामी होईपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवून मग थांबवायचा. याला पंप-डाउन म्हणतात. गॅस मग रिसीव्हर नावाच्या साठवण टाकीत कोंडलेला राहतो आणि धुताना प्लेटमध्ये उकळायला फारसे काही उरत नाही. चालू यंत्राची वीज अचानक गेली तर पंप-डाउन होत नाही, हे खरे. तरी सोलेनॉइड आपोआप मिटतो, त्यामुळे सगळा गॅस नव्हे, तर प्लेटमधला तेवढाच कॉम्प्रेसरकडे येऊ शकतो. त्यासाठी सक्शनच्या नळीवर अॅक्युम्युलेटर नावाची छोटी टाकी असावी. आलेला द्रव ती धरून ठेवते आणि वाफ तेवढी पुढे सोडते.

याच्या जोडीला कॉम्प्रेसरच्या बुडाला क्रँककेस हीटर असतो. तेल आजूबाजूपेक्षा थोडे गरम ठेवले की त्यात गॅस कमी विरघळतो, एवढेच त्याचे काम. साठ वॅटचा हीटर दिवसभर चालला तरी दीड युनिटही जळत नाही. तरीही बिल वाचवायला किंवा 'उन्हाळा आहे, कशाला पाहिजे' म्हणून त्याची वायर काढून ठेवण्याचा मोह होतो. बारामतीत मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा हीटर कशाला, ही शंका वरवर रास्त वाटते. पण प्रश्न हवा गरम की थंड हा नसून कॉम्प्रेसर इतर भागांपेक्षा गरम आहे की नाही, हा आहे. उन्हात तापलेला कंडेन्सर आणि गरम पाण्याने धुतलेली प्लेट यांच्या मानाने शेडमधला कॉम्प्रेसर उन्हाळ्यातही थंडच असतो. शिवाय तापमान सारखे असले तरी तेलाची गॅसला ओढ असतेच.

चालू यंत्रात द्रव परत येण्याची कारणे वेगळी, आणि ती केंद्रावर काम करणाऱ्याच्या नजरेसमोर असतात. टाकीत दोन-चार कॅनच दूध पडले असताना कूलिंग चालू केले, तर प्लेटला पुरेशी उष्णता मिळत नाही. आतला गॅस पुरता उकळत नाही आणि उरलेला द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे जातो. ढवळणारी मोटर बंद पडली तरी तेच होते आणि वर दूध तळाला गोठते. म्हणून दुधाने प्लेट आणि ढवळण्याचे पाते झाकले गेल्यावरच कूलिंग सुरू करावे. गॅस गरजेपेक्षा जास्त भरलेला असणे किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा तापमान टिपणारा बल्ब सक्शनच्या नळीवरून सैल झालेला असणे, हीसुद्धा नेहमीची कारणे. आणि या बाबतीत एक समज फार नुकसान करतो: कॉम्प्रेसरच्या अंगावर बर्फ धरला की गॅस 'फुल' आहे आणि कूलिंग जोरदार आहे, असे कौतुकाने सांगितले जाते. सक्शनची नळी गार असणे, तिला घाम येणे ठीक आहे. पण बर्फ सरकत कॉम्प्रेसरच्या अंगावर आला, तर तो द्रव आत येत असल्याचा पुरावा आहे. परत येणारी वाफ उकळण्याच्या तापमानापेक्षा साधारण पाच ते आठ अंशांनी गरम असायला हवी. या फरकाला सुपरहीट म्हणतात. एक तापमापक आणि एक प्रेशर गेज यांनी तो मोजता येतो, आणि तो मोजल्याशिवाय गॅस वाढवणे म्हणजे अंदाजाने औषधाचा डोस वाढवण्यासारखे काम आहे.

आता विजेच्या आरोपाकडे येऊ. ग्रामीण भागात विजेचा त्रास खरा आहे. एक फेज गेल्यामुळे मोटर जळते हेही खरे आहे, आणि त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर लावणे अनिवार्य मानले पाहिजे. पण जळालेला कॉम्प्रेसर उघडून पाहिला तर तो स्वतःच साक्ष देतो. फेज जाऊन जळालेल्या स्टार जोडणीच्या मोटरमध्ये साधारणपणे दोन फेजची वेटोळी पूर्ण काळी पडतात आणि तिसऱ्याची जशीच्या तशी राहतात. उलट एकाच ठिकाणी भाजल्याचा डाग आहे, बेअरिंग झिजलेले आहे आणि फिरणारा रोटर बाहेरच्या स्टेटरला घासल्याच्या खुणा आहेत, तर क्रम वेगळा आहे. तेल पातळ झाले, बेअरिंग झिजले, रोटर खाली बसला, त्याने वाइंडिंग खरवडले आणि मग शॉर्ट झाला. मीटरला दोन्ही वेळा 'वाइंडिंग जळाले' एवढेच दिसते. जळणे ही घटनेची शेवटची पायरी आहे, आणि आपण तिलाच कारण समजतो. रॉड न झिजता काडकन मोडलेला असेल, तर द्रवाचा लोंढा एकदम आला. तेल काळे, उग्र आंबट वासाचे असेल आणि लोखंडी भागांवर तांब्याचा लालसर मुलामा चढलेला असेल, तर तपास पाण्याच्या दिशेने न्यायला हवा. सीलबंद कॉम्प्रेसर भंगारात देण्यापूर्वी एकदा कापून पाहायला काहीच खर्च येत नाही. आणि तो कापून पाहिल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे पोस्टमॉर्टेम न करता मृत्यूचा दाखला देणे.

पाण्याचे नाव काढले की इथे साहजिकच आक्षेप येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा. बंद नळ्यांत दमटपणा येणार कुठून? थोडा हिशेब मांडू. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता फक्त २० टक्के धरली, तरी एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम पाणी असते. ऑगस्टमधल्या २७ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते २२ ग्रॅम होते. दुरुस्तीसाठी उघडलेल्या यंत्राची आतली जागा पाच लिटर मानली, तर मे महिन्यात हवेबरोबर आत शिरलेले पाणी ५० मिलिग्रॅम, ऑगस्टमध्ये ११०. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा एक थेंब. आणि नव्या पद्धतीच्या पीओई तेलात पाण्याचा अंश दहा लाखांत पन्नास भागांच्या आत असावा, असे धरतात. एक लिटर तेलाला ही मर्यादा बरोबर त्या एका थेंबाएवढी पडते. म्हणजे आपण ज्या हवेला कोरडी म्हणतो, तिच्या एका भरण्यातच यंत्राची सगळी सवलत संपते. ज्याला हे कागदावरचे गणित वाटेल, त्याने पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या टाकीचा तळाचा नळ उघडून पाहावा. हवा दाबली की तिच्यातले पाणी सुटे होते आणि त्या नळातून ते वाहताना दिसते. शिवाय दूध केंद्राची खोली म्हणजे सदा ओली फरशी आणि धुण्याच्या पाण्याची वाफ. बाहेर दुष्काळ असला तरी त्या खोलीत तो नसतो.

आत गेलेले पाणी तीन प्रकारे काम करते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात ते गोठते आणि गॅसचा रस्ता अडतो. यंत्र थांबवले की बर्फ वितळतो, पुन्हा सगळे ठीक वाटते, आणि दोष सापडत नाही. आर-२२ गॅसबरोबर उष्णतेत त्याच्यापासून हायड्रोक्लोरिक आम्लासारखी तीव्र आम्ले तयार होतात. पीओई तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन तेलाचेच आम्ल बनते. ही आम्ले वाइंडिंगच्या तारेवरचा इन्सुलेशनचा थर खातात, तांब्याच्या नळ्या झिजवतात आणि ते तांबे बेअरिंगवर नेऊन चढवतात. पीओई तेलाचा मुद्दा आता अधिक महत्त्वाचा आहे. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे आर-२२ मागे पडत असून भारतासारख्या देशांनी २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपवायचा आहे. त्याच्या जागी आलेल्या आर-४०४ए, आर-४०७सी अशा गॅसांना पीओई तेल लागते. जुने खनिज तेल पाण्याला फारसे जवळ करत नसे. पीओई हवेतले पाणी शोषून घेते आणि ते सहजी सोडत नाही. ज्या पद्धतीची दुरुस्ती आर-२२ ने वीस वर्षे खपवून घेतली, ती नव्या यंत्रात चालणार नाही. तेलाचा डबा उघडून अर्धा वापरणे आणि उरलेला झाकण सैल ठेवून पुढच्या कामासाठी ठेवणे, एवढ्यानेही तेल वाया जाते.

म्हणून दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या मरणाची मुळे पहिला बदलला त्या दुपारी असतात. जळालेल्या कॉम्प्रेसरचे आम्ल आणि काजळी नळ्यांत तशीच ठेवली आणि ओल आणि कचरा धरणारा फिल्टर ड्रायर जुनाच राहू दिला, तर नव्या यंत्राला पहिल्या फेरीतच विष मिळते. ड्रायर दर वेळी नवा हवा. वाइंडिंग जळाले असेल तर सक्शनवर आम्ल शोषणारा फिल्टर काही काळ हवा आणि तेलाची आम्ल तपासणीही. नळी तापवून जोडताना आतून नायट्रोजनचा बारीक प्रवाह सोडला नाही, तर तांब्यावर काळी खपली धरते आणि पीओई ती धुऊन व्हॉल्व्हमध्ये नेते. गळती पाहायला कोरडा नायट्रोजनच वापरावा. साध्या एअर कॉम्प्रेसरची हवा भरणे म्हणजे आपल्या हाताने पाणी भरणे, आणि ऑक्सिजन भरणे तर जीवघेणे आहे, कारण तेलाशी त्याचा स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम. पाणी बाहेर काढायचे तर ते आतल्या आत उकळवावे लागते. ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या नेहमीच्या दाबाला ते १०० अंशांवर उकळते, पण दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, उतरवला तर उणे २४ अंशांनाही उकळते. नेहमीच्या गेजचा काटा ५०० आणि ५,००० मायक्रॉनमधला फरक दाखवू शकत नाही. तो टोकाला गेला म्हणजे व्हॅक्यूम झाला, हा भ्रम आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मायक्रॉन गेज लागते. पंप वेगळा करून ठेवल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती. कॉम्प्रेसरकडूनच व्हॅक्यूम करून घेणे किंवा थोडा गॅस सोडून हवा 'पर्ज' करणे, या दोन्ही पद्धतींनी पाणी निघत नाही, आणि पहिल्या पद्धतीत विरळ दाबात वाइंडिंगवर ठिणगी पडून नवा कॉम्प्रेसर बसवतानाच जाऊ शकतो.

यावर मेकॅनिकचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. संध्याकाळचे दूध पाच-सहाला येणार, चेअरमन डोक्याशी उभे, आणि आम्ही तासन्तास व्हॅक्यूम धरून बसायचे? नायट्रोजनचे सिलिंडर मोटरसायकलवरून न्यायचे? आणि त्याचे पैसे कोण देणार? हा प्रश्न त्याच्या आळसाचा नाही, ठरलेल्या मजुरीचा आहे. कॉम्प्रेसर बदलण्याचे आणि गॅसचे पैसे मिळतात, व्हॅक्यूमच्या तासांचे मिळत नाहीत. त्यामुळे चांगले काम करणाऱ्यालाच तोटा होतो. सुटका दोन बाजूंनी आहे. त्या वेळेचे दूध शेजारच्या केंद्रावर किंवा थेट टँकरने पाठवण्याची व्यवस्था संघाने आधीच ठरवून ठेवली, तर घाईचे कारणच उरत नाही. आणि देखभालीच्या करारात नायट्रोजन, ड्रायर व व्हॅक्यूम यांची मजुरी वेगळी लिहिली, व्हॅक्यूमचा शेवटचा आकडा आणि सुपरहीट टाकीच्या नोंदवहीत लिहिल्याशिवाय बिल मंजूर केले नाही, तर मेकॅनिकचे हित आणि यंत्राचे हित एकाच बाजूला येते. नायट्रोजनचा खर्च एका वेळच्या बुडालेल्या दुधापुढे फार लहान आहे. पण तो खर्च एकाने करायचा आणि फायदा दुसऱ्याला, अशी विभागणी आहे तोवर तो केला जाणार नाही.

नवे स्क्रोल कॉम्प्रेसर द्रव सोसतात, त्यामुळे ही काळजी जुनी झाली, असेही सांगितले जाते. त्यांच्या सर्पिल पाकळ्या द्रव आला की किंचित बाजूला सरतात, म्हणून व्हॉल्व्ह किंवा रॉड तुटण्याची भीती कमी, हे बरोबर आहे. पण तेल पातळ होणे आणि बेअरिंग कोरडे पडणे त्यांनाही चुकत नाही, आणि त्यांच्यात बहुधा तेच पाणी शोषणारे तेल असते. मोठ्या डेअऱ्यांतली अमोनियाची यंत्रे आणखी वेगळी. त्यांच्या सिलिंडरवर स्प्रिंगने दाबलेले सेफ्टी हेड असते, द्रव वेगळा करणारी मोठी भांडी असतात आणि पाळीवर माणूस हजर असतो. गावच्या केंद्रावर यातले काहीच नसते. तिथे फॅट काढणारा, कॅन मोजणारा आणि बटण दाबणारा माणूस एकच असतो. त्याला संघाने निदान चार गोष्टी शिकवल्या पाहिजेत: कॉम्प्रेसरचे बूड कोमट लागते का, बर्फ कुठपर्यंत आला आहे, साइट ग्लासमधला, म्हणजे नळीवरच्या काचेतला, ओल दाखवणारा ठिपका हिरव्याचा पिवळा झाला आहे का, आणि वीज आल्यावर यंत्र लगेच न लावता टायमरची पाच मिनिटे का जाऊ द्यायची. ठिपका पिवळा दिसला की त्याने त्याच दिवशी फोन करावा आणि ड्रायर बदलला जावा. दूध थंड होते आहे, हे कारण सांगून ते काम पुढच्या महिन्यावर ढकलले जाऊ नये.